पिनबॉल मशीन : नवे घ्यावे की जुने, आणि विकताना हाती काय येते?

आपल्यापैकी बहुतेकांची पिनबॉलशी ओळख झाली ती जत्रेत मिळणाऱ्या खिळ्यांच्या लाकडी बगाटेलवर, नाहीतर विंडोज एक्सपीपर्यंतच्या संगणकांवर असलेल्या ‘स्पेस कॅडेट’ या खेळावर. सव्वाशे किलोच्या आसपास वजनाचे, काचेखाली सुमारे साडेसहा अंशांच्या उतारावर ८० ग्रॅमची पोलादी गोळी धावणारे खरे मशीन आपल्याकडे फार थोड्यांनी हाताळले आहे. तरीही गेल्या काही महिन्यांत ठाणे आणि नवी मुंबईतून या मशीनच्या खरेदी-विक्रीविषयी बरीच पत्रे आली. मी नौपाड्यात राहतो आणि ही मशीन दुरुस्त करण्याचा छंद मला अनेक वर्षांपासून आहे, म्हणून संपादकांनी ती माझ्याकडे सोपवली. त्यांतली काही निवडक पत्रे, थोडी संक्षिप्त करून, उत्तरांसह येथे देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांनी अमेरिकेतून कायमचा परत येत आहे. घरसामानाबरोबर एक पिनबॉल मशीन आणावे अशी त्याची फार इच्छा आहे. १९९२ चे ‘ॲडम्स फॅमिली’ घ्यावे की स्टर्न कंपनीचे नवेकोरे मशीन, हे त्याचे ठरत नाही. पाच-सात वर्षांनी विकायची वेळ आली तर कोणते मशीन पैसे राखेल?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : केवळ अमेरिकेतल्या बाजाराचा विचार केला तर चांगल्या स्थितीतले ‘ॲडम्स फॅमिली’, असे मी निःशंकपणे सांगेन. परंतु तुमचा मुलगा ते मशीन अमेरिकेत नव्हे, ठाण्यात विकणार आहे, आणि तिथे हिशेब बदलतो. आधी तिकडचे गणित पाहू.

नवे मशीन बव्हंशी नव्या मोटारीसारखे वागते. स्टर्न आपले प्रत्येक मशीन साधारणपणे प्रो, प्रीमियम आणि लिमिटेड एडिशन अशा तीन प्रकारांत विकते. अलीकडच्या वर्षांत प्रोची किंमत सात हजार डॉलरांच्या घरात आणि लिमिटेड एडिशनची तेरा हजारांच्या घरात राहिली आहे. खोके उघडून मशीन पायांवर उभे केले की ते वापरलेले ठरते, आणि जोपर्यंत तेच मशीन कारखान्यातून नवे मिळते आहे तोपर्यंत वापरलेल्याला नव्याइतके पैसे कोणी देत नाही. याला अपवाद आहेत. २०२१ मध्ये आलेल्या ‘गॉडझिला’ला मागणी इतकी होती की बराच काळ वापरलेले मशीनही जवळजवळ नव्याच्या भावाने जात असे. पण कोणता खेळ असा अपवाद ठरणार हे पहिल्या महिन्यात ओळखणे कठीण असते, कारण हल्ली मशीन बाजारात येते तेव्हा त्याचे सॉफ्टवेअर पुष्कळदा अपुरे असते आणि पुढची वर्ष-दोन वर्षे त्यात भर पडत राहते. जो खेळ सुरुवातीला कंटाळवाणा म्हणून स्वस्तात विकला गेला, तोच सॉफ्टवेअर पूर्ण झाल्यावर लोकांना हवाहवासा वाटू लागल्याची उदाहरणे आहेत.

जुन्या मशीनचे तसे नाही, कारण त्यांचा पुरवठा आटलेला आहे. बॅली (‘ॲडम्स फॅमिली’ याच नावाखाली निघाले) आणि विल्यम्स ही दोन्ही नावे ज्या कंपनीकडे होती तिने ऑक्टोबर १९९९ मध्ये पिनबॉलचे उत्पादन कायमचे थांबवले. नव्वदच्या दशकात पंधरा-वीस वर्षांचे असलेले खेळाडू आज पन्नाशीच्या आसपास आहेत, त्यांच्या हाती पैसा आहे, आणि त्यांना आपल्या तारुण्यातले तेच मशीन घरात हवे आहे. किंमत टिकण्यामागचे सर्वांत बळकट कारण हेच आहे.

दुर्मीळता हे मात्र कारण नाही, आणि ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. बॅलीने १९७७ मध्ये ‘एट बॉल’ काढले आणि त्याची २०,२३० मशीन विकली गेली. फ्लिपर, म्हणजे बटण दाबून गोळी परत उडवायचे दांडे, असलेल्या मशीनमधला हा उच्चांक पंधरा वर्षांनी ‘ॲडम्स फॅमिली’ने २०,२७० मशीन विकून मोडला. दोघांच्या संख्येत अवघा ४० चा फरक आहे. तरीही आज ‘एट बॉल’ साधारणपणे ‘ॲडम्स’च्या चौथ्या हिश्शाच्या आसपास मिळते. पॅट लॉलर आणि लॅरी डीमार यांनी रचलेल्या ‘ॲडम्स’मध्ये पेटीतून निघणारा हात लोहचुंबकाने गोळी उचलतो, प्लेफील्डखालची, म्हणजे गोळी धावते त्या रंगवलेल्या फळीखालची, चुंबके गोळीला मध्येच वळवतात, राऊल जुलिया आणि अँजेलिका ह्यूस्टन या मूळ चित्रपटातल्या कलाकारांनी खास या मशीनसाठी संवाद ध्वनिमुद्रित केले आहेत, आणि शंभराव्या डावातही खेळायचे काहीतरी शिल्लक राहते. वय किंवा संख्या यांपेक्षा पुन्हा पुन्हा खेळावेसे वाटणे याला ग्राहक पैसे मोजतो.

आता स्थितीविषयी. ‘ॲडम्स’ घ्यायचे तर दुरून फोटो पाहून घेऊ नये. मी स्वतः एकदा असा फसलो आहे. फोटोत मशीन लखलखीत होते, विकणाऱ्याने ‘उत्तम चालते’ असे लिहूनही दिले होते. मशीन घरी आल्यावर मी मागच्या डोक्याचे, म्हणजे गुण दाखवणाऱ्या उभ्या पेटीचे, कुलूप काढून आतला दिव्यांचा पत्रा बाजूला सरकवला, तर मुख्य सर्किट बोर्डावरच्या तीन पेन्सिल सेलांमधून पांढरट-हिरवी भुकटी ओघळून खालच्या चिपांच्या पायांपर्यंत पोहोचली होती. सेल बोटाने हलवला तर त्याची स्प्रिंगच तुटून हातात आली. शेजारच्या बोर्डावर दिव्यांना वीज पुरवणारा कनेक्टर मूळचा पांढरा असतो, तो भाजलेल्या पावाच्या कडेसारखा तपकिरी झाला होता. त्या दुरुस्तीत माझा एक पावसाळा गेला. म्हणून मुलाला सांगा की विकणाऱ्यासमोर मागचे डोके उघडून सेल आणि कनेक्टर पाहावेत, काच काढून चुंबकांवरचा रंग आणि गोळी बाहेर फेकणाऱ्या भोकांच्या कडा यांवर बोट फिरवून पाहावे, आणि किमान पाच डाव खेळावेत. हे पाहायला अर्धा तास पुरतो.

आता ठाण्याकडे येऊ. परदेशी व्यापाराच्या आपल्या धोरणानुसार भांडवली यंत्रसामग्री वगळता इतर वापरलेल्या वस्तूंची आयात निर्बंधित आहे आणि तिला परवाना लागतो. कायमचे परत येणाऱ्यांना घरसामानासाठी सवलत असते, पण तिला अटी असतात, आणि पिनबॉल मशीन त्या सवलतीत बसते की नाही हे ठरवणारा अधिकारी न्हावा शेवाला असतो, विकणारा दुकानदार नव्हे. तेव्हा मशीनचे पैसे देण्याआधी कस्टम्स ब्रोकरकडून लेखी मत घ्यावे. मशीन मुलाच्या नावावर, परतण्याच्या पुरेसे आधी घेतलेले असावे आणि त्याची पावती असावी. मशीन बंदरात अडकले तर दिवसागणिक चढणारे भाडे त्याची किंमत खाऊन टाकते.

विजेचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. नव्या स्टर्न मशीनचा वीजपुरवठा आपल्या २३० व्होल्टवरही चालतो, आणि ‘ॲडम्स’च्या ट्रान्सफॉर्मरची जोडणी जाणकाराकडून २३० व्होल्टसाठी बदलून घेता येते.

पुनर्विक्रीच्या दृष्टीने भारतात दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. एकीकडे, तसेच मशीन आज नव्याने आणायचे तर डॉलरचा चढा भाव, जहाजाचे भाडे आणि सीमाशुल्क मिळून मोठा आकडा होतो, त्यामुळे इथे आधीच असलेल्या मशीनला कागदावर चांगली किंमत दिसते. १९९२ मध्ये डॉलर तीस रुपयांच्या आत होता, २०२४ मध्ये तो ८३-८४ रुपयांवर होता. एवढ्यावरूनच रुपयांतल्या किमतीचे काय होते ते कळेल. दुसरीकडे, ती किंमत देणारे ग्राहक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि त्यांतला जो येईल त्याला तुमचा मुलगा विकायला घाईत आहे की नाही हे पहिल्या फोनवरच कळते. म्हणून माझा सल्ला असा, की मुलाला सोल्डरिंगची सवय असेल आणि मशीन परतण्याच्या पुरेसे आधी खरेदी करता येत असेल तर ‘ॲडम्स’ घ्यावे. हाती सोल्डरिंग आयर्न कधी धरले नसेल तर नवे प्रो घ्यावे, प्रीमियमवर जादा खर्च करू नये, आणि पुढच्या काही वर्षांत मूळ किमतीचा एक हिस्सा जाणार हे आजच धरून चालावे.

प्रश्न : लिमिटेड एडिशनवर क्रमांकाची पट्टी असते आणि संख्या ठरावीक असते. मग सोन्यासारखी ती गुंतवणूक म्हणून घेता येईल का?
— एक वाचक, खारघर

उत्तर : नाही, गुंतवणूक म्हणून घेऊ नये. ‘लिमिटेड’ हा शब्द कंपनीने ठरवलेला असतो आणि त्याचा अर्थ काळाप्रमाणे बदलत आला आहे. स्टर्नचे २०११ चे ‘ट्रॉन’ लिमिटेड एडिशन ४०० मशीनपुरते होते, आणि त्याला आजही चांगला मान आहे. दहा वर्षांनी ‘गॉडझिला’चे लिमिटेड एडिशन १,००० मशीनचे निघाले. खेळ उत्तम असल्याने तेही विकले गेले, पण सगळेच खेळ ‘गॉडझिला’ नसतात. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. लिमिटेड एडिशन घेणारे बरेच जण ते पुढे विकण्याच्याच हेतूने घेतात, त्यामुळे वर्षभरात एकदम अनेक मशीन बाजारात येतात आणि सगळेच भाव उतरवतात. २०२० ते २०२२ या काळात, लोक घरी अडकलेले असताना, पिनबॉलचे भाव झपाट्याने चढले. त्या चढत्या भावात घेतलेल्यांपैकी पुष्कळांना नंतर तोटा सोसून विकावे लागले.

जुन्या मशीनलाही हा धोका आहे, फक्त त्याचे रूप वेगळे आहे. ब्रायन एडी यांनी रचलेले १९९७ चे ‘मिडीव्हल मॅडनेस’ ४,०१६ एवढेच बनले होते, आणि अनेक वर्षे ते संग्राहकांच्या यादीत सर्वांत वर होते. शिकागो गेमिंग या कंपनीने २०१३ मध्ये त्याची नवी आवृत्ती काढण्याचे जाहीर केले आणि मूळ मशीनचे भाव उतरले. पुढे त्याच कंपनीने ‘अटॅक फ्रॉम मार्स’, ‘मॉन्स्टर बॅश’ आणि २०२१ मध्ये ‘कॅक्टस कॅनियन’ याही खेळांच्या नव्या आवृत्त्या काढल्या. ‘कॅक्टस कॅनियन’ची गोष्ट मला विशेष जवळची वाटते. १९९८ मध्ये कंपनीने आपली माणसे दुसऱ्या प्रकल्पाकडे वळवल्यामुळे त्याचे नियम अर्धवटच राहिले, आणि ९०३ मशीन बनवून काम थांबले. तेवीस वर्षांनी आलेल्या नव्या आवृत्तीत तो खेळ पूर्ण करण्यात आला. म्हणजे ज्याने केवळ ९०३ हा आकडा पाहून मूळ मशीन महागात घेतले होते, त्याच्यासमोर आता अधिक चांगला खेळणारे नवे मशीन उभे होते. खेळणाऱ्यांच्या दृष्टीने मला याचा आनंदच झाला.

स्टर्नही आपल्याच गाजलेल्या खेळांचे पुन्हा उत्पादन करते. २०१० चे ‘आयर्न मॅन’ २०१४ मध्ये पुन्हा आले, आणि २०१३ चे ‘मेटॅलिका’ २०२४ मध्ये सुधारित रूपात आले. म्हणून विकत घेताना असा विचार करावा, की हा खेळ पुन्हा काढणे कंपनीला किती सोपे आहे. ज्या खेळाचा विषय कंपनीचा स्वतःचा आहे, तो पुन्हा काढायला कोणाची परवानगी लागत नाही. ज्यात चित्रपट, कलाकारांचे चेहरे आणि आवाज यांचे परवाने गुंतले आहेत, तो काढणे खर्चाचे आणि किचकट असते. ‘ॲडम्स फॅमिली’ आणि ‘ट्वायलाइट झोन’ यांचे भाव टिकण्यामागे हेही एक कारण आहे.

प्रश्न : माझे मामा मालवाहू जहाजावर नोकरीला होते. त्यांनी फार वर्षांपूर्वी आणलेले पिनबॉल मशीन आता आमच्याकडे आले आहे. समोरच्या काचेवर ‘गॉटलीब’ असे नाव आहे, गुण दाखवायला आकड्यांची चक्रे आहेत आणि एकाच खेळाडूसाठी आहे. इतके जुने असल्याने त्याची किंमत बरीच असेल, असे सगळे म्हणतात. भंगारवाल्याने तीन हजार सांगितले. खरे काय?
— एक वाचिका, नेरूळ

उत्तर : तुमचे पत्र वाचल्यावर मी राहवले नाही म्हणून फोन केला आणि तुम्ही प्रेमाने घरी बोलावलेत, त्याबद्दल आधी आभार मानतो. इतर वाचकांसाठी तिथे जे दिसले ते लिहितो.

मशीन पूर्णपणे रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच) आणि फिरत्या संपर्कांवर चालणारे आहे. त्यात एकही सर्किट बोर्ड नाही. १९७७ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मशीन आली, त्याआधीची ही पद्धत. प्लेफील्ड उचलून टेकवल्यावर खाली कापडी आवरणाच्या रंगीत तारांच्या जुड्या दिसल्या, प्रत्येक वळणावर मेणाच्या दोऱ्याने बांधलेल्या, आणि पेटीच्या तळाशी कागदी खिशात मूळ जोडणीचा घडी घातलेला नकाशा तसाच होता. तो नकाशा पाहून मला फार बरे वाटले, कारण त्याच्याशिवाय असे मशीन जागे करणे अवघड होते. प्लेफील्डवरच्या रंगाची झीज गोळीला उडवून लावणाऱ्या एका बंपरभोवती आहे, बाकी स्वच्छ आहे. समोरच्या काचेचा रंग मात्र वरच्या डाव्या कोपऱ्यात पापुद्रे धरू लागला आहे. हा रंग काचेच्या आतल्या बाजूला असतो. त्या बाजूला ओले फडके सोडाच, कोरडे फडकेसुद्धा लावू नका. आमच्या परिचयातल्या एका घरी गणपतीच्या साफसफाईत अशी काच पुसली गेली आणि चित्रातला अर्धा चेहरा फडक्यावर आला.

आता किंमत. जुने म्हणजे मौल्यवान, ही समजूत पिनबॉलला लागू पडत नाही. डेव्हिड गॉटलीब यांचे १९३१ चे ‘बॅफल बॉल’ पन्नास हजारांहून अधिक बनले, त्याला ना वीज लागते ना फ्लिपर आहेत, आणि वयाच्या मानाने ते स्वस्तच मिळते. फ्लिपर असलेले पहिले मशीन याच कंपनीचे, १९४७ चे ‘हम्प्टी डम्प्टी’. ते इतिहासासाठी जपले जाते. तुमच्या मशीनच्या पिढीवर प्रेम करणारे संग्राहक आता वृद्ध झाले आहेत, आणि नव्या पिढीने ही मशीन लहानपणी खेळलेली नाहीत, म्हणून या वर्गाची मागणी नव्वदच्या दशकातल्या मशीनइतकी नाही. अमेरिकेत अशी साधारण मशीन काहीशे डॉलरांपासून दीड-दोन हजार डॉलरांपर्यंत जातात. त्यात तुमची जमेची बाजू ही, की गॉटलीबची एका खेळाडूची मशीन चार खेळाडूंच्या मशीनपेक्षा रचनेने सरस मानली जातात आणि जाणकार तीच शोधतात.

हे मशीन परदेशी पाठवून विकण्याचा विचार करू नका. भाड्यातच सगळे जाईल. इथे त्याला ग्राहक मिळेल तो चालू स्थितीत असेल तरच. बंद मशीनला भंगारवाल्याचाच भाव येतो, त्याचे काही चुकले नाही. पण थेट भिंतीतल्या प्लगमध्ये लावू नका. हे मशीन अमेरिकेतल्या ११५ व्होल्टसाठी आहे. २३० व्होल्ट दिले तर कॉइल जळतील. योग्य क्षमतेचा स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने आतली गुण मोजणारी मोटर किंचित हळू फिरेल, त्याची काळजी करू नये. बहुतेक बिघाड वाळलेल्या ग्रीसचा आणि काळ्या पडलेल्या संपर्कबिंदूंचा असतो. दोन रविवार मी येऊन बसू शकतो. त्यानंतर विकायचे की ठेवायचे ते ठरवा. मामांच्या हातची वस्तू तीन हजारांत देऊ नका, एवढी मात्र माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : आमची इमारत खाडीला लागून आहे. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. अशा घरात मशीनची किंमत टिकेल का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : काळजी घेतली तर टिकेल. खाडीकाठच्या हवेत सर्वांत आधी गोळी गंजते. गंजलेली गोळी प्लेफील्डवर पॉलिश पेपरसारखी फिरते आणि एका मोसमात रंग उतरवते, म्हणून गोळी काढून तिच्यावर बोट फिरवायची सवय लावा आणि खरखरीत लागली की लगेच बदला. तिची किंमत अगदी किरकोळ आहे. दुसरे नुकसान लाकडाचे. प्लायवूडच्या पेटीचे कोपरे फुगून पापुद्रे सुटू लागले की ते पूर्ववत होत नाहीत, आणि ग्राहकाची पहिली नजर तिथेच जाते. मशीन बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, वीतभर अंतर ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, कारण आतली ओल आतच राहते. सुती चादर पुरते. खोलीत डीह्युमिडिफायर असेल तर आर्द्रता ५०-५५ टक्क्यांवर ठेवा, नसेल तर आठवड्यातून दोन-तीनदा तासभर मशीन चालू ठेवा, दिव्यांच्या उबेने आतला भाग कोरडा राहतो. आणि सेल काढून टाका. त्याऐवजी सेलशिवाय माहिती जपणारी मेमरी चिप बसवता येते. जुन्या मशीनसाठी याहून फायद्याचा खर्च मला माहीत नाही.

प्रश्न : नवे मशीन घेऊन खोके न उघडता तसेच ठेवले तर?
— एक वाचक, वर्तक नगर, ठाणे

उत्तर : वॉरंटी संपते, रबर कडक होते, आणि आत काही मोडलेले आले असेल तर ते पाच वर्षांनी कळते. आपल्या हवेत तर हे करूच नये.

प्रश्न : मी नाण्यांचा संग्राहक आहे. नाणे घासून चकचकीत केले की त्याची किंमत पडते, हे मी अनुभवाने शिकलो. पिनबॉलची डागडुजी केली तर किंमत वाढते की घटते?
— एक वाचक, सीबीडी बेलापूर

उत्तर : तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण दोन छंदांतला नेमका फरक त्यात आहे. नाण्याला कोणी चालवून पाहत नाही. पिनबॉल मशीन चालले नाही तर ते केवळ जड फर्निचर आहे, म्हणून नवे रबर, फ्लिपरचे बदललेले भाग, स्वच्छ केलेले प्लेफील्ड यांनी किंमत वाढतेच. फाटलेल्या प्लॅस्टिकच्या जागी नवी नक्कल बसवली तरी कोणी नाक मुरडत नाही. मूळ प्लेफील्ड पारच झिजले असेल तर पुनर्निर्मित प्लेफील्ड बसवलेले मशीनही चांगल्या भावाने जाते, मात्र त्या कामाचा खर्च विक्रीतून पूर्ण वसूल होतोच असे नाही.

नाण्याचा नियम लागू होतो तो रंगाला. पेटीवरचे मूळ चित्र फिकट झाले म्हणून पेंटरकडून एकरंगी स्प्रे मारून घेतलेली मशीन मी पाहिली आहेत. तिथे किंमत सरळ पडते, आणि ते परत फिरवता येत नाही. झिजलेल्या ठिकाणी कुंचल्याने रंग भरायचा असेल तर आधी मूळ स्थितीचे जवळून फोटो काढून ठेवा आणि विकताना ते दाखवा. लपवलेली दुरुस्ती उघडकीला आली की ग्राहक बाकीच्या प्रत्येक गोष्टीवर शंका घेतो. एलईडी दिव्यांविषयी मतभेद आहेत. त्यांनी उष्णता आणि विजेचा भार कमी होतो, कनेक्टर जळत नाहीत, म्हणून मी त्यांच्या बाजूचा आहे. पण भडक निळे-जांभळे दिवे लावून जुन्या मशीनचे चित्र मारून टाकू नये. काढलेले मूळ दिवे आणि भाग पिशवीत भरून पेटीच्या तळाशी ठेवा. आणि नव्या मशीनवर वरचा शोभेचा टॉपर, बाजूची चित्रे, रंगीत मूठ यांवर जो खर्च होतो, तो विकताना परत मिळत नाही, हे धरून चालावे.

प्रश्न : माझ्याकडे २०१९ चे स्टर्नचे ‘जुरासिक पार्क’ प्रो आहे. नोकरीनिमित्त बंगळुरूला जात आहे, विकावे लागेल. काय तयारी करू?
— एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : खेळ चांगला आहे आणि त्याला नाव आहे, त्यामुळे ग्राहक मिळण्यास अडचण येऊ नये, फक्त वेळ लागेल, म्हणून निघण्याच्या किमान चार महिने आधी सुरुवात करा. आयातीची कागदपत्रे, म्हणजे बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्क खात्याकडे भरलेले आयातीचे विवरण) आणि खरेदीची पावती, सर्वांत आधी शोधून ठेवा. जे मशीन कायदेशीर मार्गाने आले आहे हे कागदावर दाखवता येते, त्याला आपल्याकडे स्पष्टपणे जास्त भाव मिळतो, विशेषतः ग्राहक कॅफे किंवा गेम पार्लरवाला असेल तर, कारण त्याला हिशेबात दाखवायचे असते. मशीनमध्ये एकूण किती डाव खेळले गेले याची नोंद असते. त्या पडद्याचा फोटो काढा. घरगुती मशीनचा आकडा कमी असतो आणि तो तुमच्या बाजूने बोलतो. सॉफ्टवेअर अद्ययावत करा. काच काढून, दिवे लावून, न थांबता एक पूर्ण डाव खेळतानाचा व्हिडिओ घ्या. त्यात जे बिघडले आहे तेही दिसू द्या आणि तोंडी सांगा.

किंमत ठरवताना आज तेच किंवा त्या दर्जाचे नवे मशीन इथे आणायला एकूण किती पडते ते काढा आणि त्याच्या सुमारे दोन तृतीयांशावरून बोलणी सुरू करा. हा माझा अंदाज आहे, बाजाराचा नियम नाही. वाहतूक ग्राहकाने करायची असे आधीच ठरवा, पण मशीन उतरवताना तुम्ही हजर राहा. डोके खाली घडी करून घट्ट बांधायचे, पाय काढायचे, गोळ्या काढून घ्यायच्या, आणि मशीन मागच्या बाजूवर उभे करून हातगाडीवरून न्यायचे. तुमच्या इमारतीच्या लिफ्टचे दार आणि ग्राहकाच्या लिफ्टचे दार, दोन्ही मोजून ठेवा. पाचपाखाडीतल्या जुन्या इमारतींमध्ये जिन्याच्या वळणावर मशीन अडकून पुन्हा वर न्यावे लागल्याचे मी पाहिले आहे, आणि त्या दिवशी ठरलेला व्यवहार मोडला. पायांचे आठ बोल्ट आणि काढलेल्या गोळ्या एका जाड पिशवीत घाला. मागच्या डोक्याची किल्ली नाण्यांच्या दाराच्या आत जो हुक असतो त्यावरच अडकवा, आणि नाण्यांच्या दाराची किल्ली ग्राहकाच्या हातात द्या.